चांदी पोतोसीची, कर्ज फिलिपचं आणि भरणारा तिसराच

गुजरीच्या कोपऱ्यावर एका दुकानाची रुंद दगडी पायरी आहे. दुकानाचं शटर खाली आलं की ती आमची. परवा तिथे वाद पेटला तो अण्णांच्या पिशवीवरून. अण्णा हुपरीचे. पैंजणांचा माल घेऊन आठवड्यातून दोनदा कोल्हापुरात येतात. चांदी परत चढलीय, गिऱ्हाईक नुसतं वजन विचारून जातंय, असं ते सांगत होते. सरांची भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती म्हणाली, "अण्णा, सोळाव्या शतकात स्पेनात चांदीचा पूर आला होता. आणि तरी त्यांच्या राजानं चार वेळा दिवाळं काढलं. मामा, हे असं कसं झालं ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही."

सर इतिहासाचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. "दुसरा फिलिप," ते म्हणाले. "1557, 1560, 1575, 1596. सालं पाठ करायला सोपी आहेत. कारण मात्र एका ओळीचं नाही."

"त्याला दिवाळं म्हणू नका हो सर," वसईकर मध्येच म्हणाला. तो बँकेत कर्ज विभागात आहे, मूळचा वसईचा, बदलीनं इकडे आलेला. "राजानं कर्ज बुडवलंच नाही. सावकारांना बोलावलं, जास्त व्याजाची कमी मुदतीची देणी थांबवली आणि त्यांच्या जागी कमी व्याजाचे लांब मुदतीचे रोखे दिले. आमच्याकडे याला पुनर्रचना म्हणतात. तेच इटलीतल्या जिनोआचे सावकार दोन वर्षांत पुन्हा कर्ज द्यायला दारात उभे. बुडालेल्या माणसाला कोण पुन्हा कर्ज देतं?"

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या सोसायटीत मार्चअखेरीला करतात ते नवं-जुनं."

"अगदी तेच. फक्त रक्कम मोठी."

सरांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. ते चिडले की आधी हातातली वस्तू खाली ठेवतात. त्यांनी सुरुवात फिलिपच्या बापापासून केली. पहिला चार्ल्स स्पेनचा राजा होता, पण त्याला पवित्र रोमन सम्राट, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांचा सम्राट, व्हायचं होतं. सम्राट निवडणारे सात मतदार, आणि प्रत्येकाची किंमत ठरलेली. 1519 च्या त्या निवडणुकीत सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन उधळले गेले, त्यातले पाच लाखांवर एकट्या ऑग्सबर्गच्या याकोब फुगर या सावकारानं दिले. जूनमध्ये मुकुट मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात, त्याच राजाच्या परवान्यानं मॅगेलन पाच जहाजं घेऊन मसाल्याची बेटं शोधायला निघाला. तीन वर्षांनी एक जहाज परत आलं, 18 माणसांसह. पण त्या एका जहाजातली लवंग मोहिमेचा खर्च भरून काढण्याइतकी होती.

"हे दोन सौदे शेजारी ठेवून बघ," सर भाचीला म्हणाले. "जहाजांचा सौदा व्यापाराचा. माल आला, विकला, हिशेब मिटला. मुकुटाचा सौदा वेगळा. त्यातून परतफेड करण्यासारखं काहीच पिकत नव्हतं. मुकुटाबरोबर आल्या त्या लढाया. फ्रान्सशी, तुर्कांशी, जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राजांशी. पुढे पोराच्या काळात स्वतःच्याच राज्यातल्या बंडखोर नेदरलँड्सशी. सैनिकाला पगार रोज लागतो आणि चांदीचा ताफा वर्षातून एकदा-दोनदा सेव्हिलला येतो. ही मधली दरी सावकारानं भरायची आणि येणारा ताफा त्याच्याकडे आधीच गहाण."

इथे अण्णा पुढे सरकले. त्यांचं लक्ष चांदीपाशीच होतं. "ताफा येत होता ते कळलं. पण एवढी चांदी निघत होती कशी, ते सांगा."

चांदी यायची पोतोसीहून. ते आज बोलिव्हियात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 4000 मीटरवर, जिथे धाप लागते आणि शेत पिकत नाही. 1545 मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली. आधी वरवरचा कसदार माल काढून भट्टीत टाकला. तो संपल्यावर उरला हलका दगड, भट्टीला न परवडणारा. मग पारा आला. दगड दळून पीठ करायचं, मीठ आणि पारा मिसळायचा, चिखल तुडवायचा, धुवायचं. पारा चांदीला धरून बसतो. पुढे गोळा तापवला की पारा उडून जातो आणि चांदी मागे राहते.

"अहो, हे तर झारेकऱ्याचं काम," अण्णा म्हणाले. त्यांनी समोरच्या गल्लीकडे बोट केलं. पहाटे दुकानं उघडायच्या आधी तिथली धूळ झाडून नेतात, घमेल्यात धुतात, तळाशी पारा फिरवतात आणि सोन्या-चांदीचा कण न् कण गोळा करतात. "आमच्या आज्यानं एक झारेकरी बघितला होता. पाऱ्याच्या वाफेनं त्याचे हात असे थरथरायचे. भाकरी मोडता यायची नाही. इथं घमेल्यात करतात, तिथं डोंगर दळला म्हणता. मग ते काम करणारी माणसं?"

सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग मिताबद्दल सांगितलं. इंका राजवटीत गावांनी पाळीपाळीनं राज्याचं काम करायची पद्धत होती, तिचं नाव मिता. फ्रान्सिस्को दे तोलेदो या व्हाइसरॉयनं 1573 मध्ये तीच पोतोसीच्या खाणीला जुंपली. सोळा प्रांतांतल्या कामकरी पुरुषांपैकी सातवा हिस्सा दर वर्षी पाठवायचा, एकूण साडेतेरा हजारांच्या आसपास. लांबच्या गावची माणसं बायकामुलं आणि लामा घेऊन दोन-दोन महिने चालत यायची. खाणीत उतरायचं ते कातड्याच्या पिळाच्या शिड्यांवरून. पाठीवर दगडाचं ओझं, आणि दोन्ही हात शिडीला हवेत म्हणून मेणबत्ती अंगठ्याला बांधलेली. होसे दे आकोस्ता नावाच्या जेझुइट पाद्र्यानं हे सगळं वर्णन 1590 मध्ये छापलं आहे. म्हणजे स्पेनात वाचू शकणाऱ्याला ते माहीत होतं.

त्या अंगठ्याला बांधलेल्या मेणबत्तीपासून माझं मन अजून हललेलं नाही. आपण 'चांदीचा पूर' सहज म्हणतो. पण ती थेंबाथेंबानं वर आली आहे, माणसाच्या पाठीवरून.

भाचीनं वाद परत मार्गावर आणला. "पण मामा, महागाईचं काय? पुस्तकात तर लिहितात की चांदी जास्त झाली, भाव वाढले आणि स्पेन बुडाला."

भाव वाढले हे खरं. शंभर वर्षांत स्पेनात साधारण चौपट झाले. वर्षाला काढलं तर दीड टक्क्याच्या आत, आज आपण त्याला महागाई म्हणणारही नाही. पण स्थिर भावाची सवय असलेल्या माणसांना तो धक्का होता. मार्तिन दे आझ्पिल्कुएता या धर्मशास्त्र्यानं 1556 मध्येच लिहून ठेवलं होतं की पैसा जिथे दुर्मिळ तिथे तो जास्त मोलाचा, आणि अमेरिकेतून सोनं-चांदी आल्यापासून स्पेनात सगळ्याच वस्तू महाग झाल्या. पण त्याच काळात लोकसंख्याही वाढत होती आणि धान्य कमी पडत होतं. शिवाय भाव इंग्लंडातही चढले, तिथे कुठली पोतोसी नव्हती. मला महागाई हे पुरेसं उत्तर वाटत नाही. स्पेनचं कापड महाग पडलं आणि बाहेरचं स्वस्त कापड आत आलं, एवढं तिच्या खात्यावर टाकता येईल.

वसईकर अजून आपल्या मुद्द्यावर होता. "सर, युद्ध, महागाई, सगळं मान्य. पण पुनर्रचना ही पुनर्रचनाच. 1575 चा तंटा 1577 मध्ये तडजोडीनं मिटला. सावकारांनी थोडं सोडलं, राजानं बाकीचं मान्य केलं. नुकसान कुणाचं?"

"अँटवर्पचं," सर म्हणाले.

1575 मध्ये फिलिपनं देणी थांबवली आणि जिनोआच्या सावकारांनी नेदरलँड्सकडे पैसा पाठवणं बंद केलं. तिथल्या स्पॅनिश फौजेचा पगार आधीच थकलेला. आता तर येण्याची आशाही गेली. 4 नोव्हेंबर 1576 ला त्या फौजेनं अँटवर्प लुटलं. युरोपातलं सगळ्यात श्रीमंत व्यापारी शहर, ज्यांच्यासाठी आपण लढतोय म्हणत होते त्यांचंच. हजारो माणसं मारली. चार दिवसांत, तोवर राजाशी प्रामाणिक राहिलेले प्रांत बंडखोर हॉलंडशी करार करून मोकळे झाले.

वसईकर गप्प झाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "हे मला जोडता आलं नव्हतं. सालं दोन्ही माहीत होती."

मला मात्र आणखी एक विचारायचं होतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. मी त्याला म्हटलं, "सावकारांना जे लांब मुदतीचे रोखे दिले, हुरो का काय, त्यांना तारण काय होतं? चांदी?"

तो थांबला. बँकवाला असल्यामुळे त्याला प्रश्नाचं वजन लगेच कळलं. "नाही," तो म्हणाला. "कर. प्रत्येक रोखा कुठल्या ना कुठल्या शहराच्या कराला बांधलेला असायचा."

अमेरिकेची चांदी राजाच्या उत्पन्नाचा चौथा-पाचवा हिस्सा होती, फार तर. बाकीचं ओझं बहुतांशी कास्तीलच्या, म्हणजे स्पेनच्या मधल्या मुख्य भागातल्या, माणसांवर. आल्काबाला म्हणजे विक्रीकर. त्याची शहरांनी भरायची ठोक रक्कम 1575 मध्ये जवळपास तिप्पट केली. इतकी ओरड झाली की दोन वर्षांत उतरवावी लागली. 1588 मध्ये इंग्लंडवर पाठवलेलं आरमार फुटलं आणि 1590 मध्ये मिलोनेस नावाचा नवा कर बसला, सहा वर्षांत 80 लाख डुकाट. पुढे तो तेल, दारू, मांस, व्हिनेगर यांवर वसूल होऊ लागला, म्हणजे गरिबाच्या ताटातून. उमराव बऱ्याच करांतून मुक्त. आणि ज्याच्याकडे चार पैसे होते त्यानं कापडाचा माग टाकण्यापेक्षा रोखे घेऊन व्याजावर बसणं पसंत केलं. मार्तिन गोन्सालेस दे सेयोरिगो या स्पॅनिश लेखकानं 1600 मध्ये लिहिलं की हा देश जणू मंतरलेल्या, सृष्टिक्रमाबाहेर जगणाऱ्या माणसांचा झालाय.

म्हणून मी म्हणतो, चांदी दाखवायला होती. सावकार तिच्याकडे बघून कर्ज द्यायचा आणि हप्ता कास्तीलचा शेतकरी भरायचा. हॉलंडात कर्ज देणारे व्यापारी आणि कराला मंजुरी देणारी सभा ही जवळपास एकच माणसं होती, त्यामुळे तिथलं सरकारी व्याज 1655 पर्यंत 4 टक्क्यांवर आलं. त्यांच्याकडे खाण नव्हती. हेरिंग मासे होते, जहाजं होती आणि एकमेकांवर विश्वास होता.

"एक मात्र आहे," वसईकर म्हणाला, "1580 पासून 1640 पर्यंत पोर्तुगालही स्पेनच्याच राजाकडे होता. म्हणजे गोवा, चौल आणि आमची वसईसुद्धा. चिमाजी अप्पांच्या कितीतरी आधी आमच्या किल्ल्याचा धनी हाच कर्जात बुडालेला फिलिप."

"आणि त्याची चांदी?" अण्णांनी विचारलं. "ती आली का इकडं?"

आली. सत्तावीस ग्रॅमचं ते आठ रियालचं नाणं, वेडंवाकडं कापलेलं, पोतोसीचं असेल तर 'पी' अक्षर ठोकलेलं. मिरी आणि कापडाच्या बदल्यात गोव्याला उतरलं, सुरतेला उतरलं, आणि सुरतेच्या टांकसाळीत आटून मोगली रुपया होऊन बाहेर पडलं.

अण्णांनी पिशवीतून एक पैंजण काढलं आणि तळहातावर धरलं. "मोड येते आमच्याकडं. जुने तोडे, वाळे, रुपये. सगळं एकाच मुशीत जातं. त्यातलं कुठलं कुठनं आलं, कोण सांगणार." मग विचारलं, "ती खाणीतल्या कामाची पाळी बंद कधी झाली?"

सर आठवत होते तोवर भाचीनं सांगून टाकलं. "1812."

अण्णा बोटांच्या पेरांवर मोजत बसले. 1573 पासून धरून.

"दोनशे एकोणचाळीस वर्षं," ते म्हणाले, पैंजण परत कागदात गुंडाळलं आणि हुपरीची शेवटची गाडी गाठायला उठले.