राणेंनी रस्ता उघडला, एका रात्रीत नव्हे आणि एकट्यानेही नव्हे

परमवीर चक्र विजेते रामा राघोबा राणे यांच्याविषयी एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे : 'एका रात्रीत, एकट्याने रणगाड्याखाली सरपटत सुरुंग काढले, राजौरी जिंकली आणि तिथेच हुतात्मा झाले.' यात भक्ती खरी आहे, तपशील मात्र चुकले आहेत.

'हुतात्मा झाले'. नाही. परमवीर त्यांना हयातीत मिळाले. पुढे ते मेजर होऊन निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले.

'एका रात्रीत'. १९४७-४८ च्या भारत-पाक युद्धात जम्मूतल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढण्याचे हे काम ८ ते ११ एप्रिल १९४८ असे सलग चार दिवस चालले. वाटेवरची बरवाली रिज (डोंगरधार) हाती आल्यावर ८ तारखेला राणे रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी बगलरस्ता करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, दुपारी तीन वाजता रणगाडे पार. अर्ध्या मैलावर चीडाची (पाइन) झाडे आडवी पाडलेली, ती स्फोटकांनी उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग शत्रूने उडवलेली रस्त्याखालची मोरी. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. अंधार पडत होता, म्हणून ताफा रात्रीपुरता मुक्कामाला नेला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्याला भिडले आणि साडेसहापर्यंत तो मोकळा केला.

'एकट्याने' हे सगळ्यात जास्त खटकते. त्यांच्याबरोबर ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे सॅपर, म्हणजे लष्करी अभियंता दलाचे जवान, होते. पहिल्याच दिवशी तोफमाऱ्यात त्यांतले दोघे गेले, पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत राणे स्वतः होते. तुकडी पुन्हा जुळवून त्यांनी काम तसेच पुढे नेले. मोठेपण इथे आहे, आणि 'एकट्याने' म्हटले की ते दोघे पुसले जातात.

सुरुंग उपटायचा नसतो. माती उतरत्या कोनात टोचत बाजूने शोध घेतात, कारण दाब वरून पडला की तो फुटतो. सापडला की कडेची माती हाताने काढायची, खाली दुसरा सापळा लावलेला नाही ना ते पाहायचे, शंका आली तर दोर बांधून आडोशातून ओढायचा. गोळीबारात यातली एकही पायरी गाळता येत नाही. एका सुरुंगाने पहिल्या रणगाड्याची साखळी तुटली, तर अरुंद डोंगरी रस्त्यावर मागचा सगळा ताफा अडकतो.

'राजौरी जिंकली'. बरवाली घेतली ४ डोग्रा या पायदळ पलटणीने, रणगाडे सेंट्रल इंडिया हॉर्स या रेजिमेंटचे, राजौरी हाती आली १२ तारखेला. १० तारखेला रणगाडे तवी नदीच्या पात्रातून दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले होते. राणे तरीही रस्त्यावरच राहिले, कारण रसद आणि दारूगोळ्याच्या गाड्यांना पात्रातला मार्ग चालणारा नव्हता. त्या रात्री नऊपर्यंत ते अन्न-विश्रांतीशिवाय राबले. ११ तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि त्यापुढचा रस्ता ते रात्री दहापर्यंत साफ करत होते.