पुन्हा तेच, ठिणगीच नाही!

नाशिकच्या गंगापूर धरणात नाव मधोमध आणि इंजिन गप्प. पावसाळ्यानंतरची ही तिसरी वेळ. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला.

गॅरेजमध्ये नेलं की एकच उत्तर: "प्लग बदला, साहेब." अहो, प्लग गेल्याच महिन्यात बदललाय! दुखणं फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनावरच्या जड चाकाच्या, खाली आहे. पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क), कंडेन्सर, कॉइल, ठिणगी पाडणारं सगळं तिथे. चार महिने दमट हवेत इंजिन उभं राहिलं की पॉइंटच्या तोंडावर काळपट थर चढतो, मग ठिणगी कुठून पडणार? माझ्या इंजिनाला पॉइंटमधला गॅप ०.०२० इंच लागतो. तो फीलर गेजनेच, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीनेच, मोजायचा असतो. पण इथे जो तो डोळ्यांनी मोजतो! पॉलिश पेपर फिरवतात आणि भुकटी तशीच ठेवतात. स्वच्छ कागद मधून ओढून पुसायला किती वेळ लागतो?

आणि फ्लायव्हील पुलर (ओढून काढायचं अवजार) लावूनच काढा हो! एकाने सरळ हातोडा उचलला. क्रँकशाफ्टला, इंजिनाच्या मुख्य दांड्याला, मार बसला असता तर? मी हातच धरला त्याचा.

कंडेन्सरसाठी द्वारकेपासून सातपूरपर्यंत हिंडलो. "इंजिन जुनं झालं, नवीन घ्या" म्हणे. का घेऊ? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, अजून उत्तम आहे त्याचं!