चकमक साजरी करण्याआधी घ्यायची काळजी

सकाळी चहा पुढ्यात यावा, मोबाईल उघडावा आणि कुठल्यातरी शहरात पोलिसांनी चकमकीत कुणालातरी 'ठोकल्याची' बातमी दिसावी, असा सुदिन अधूनमधून येतोच. पण बरेच जण हा आनंद नीट घेत नाहीत. नुसता अंगठा टाकतात नि आंघोळीला पळतात. आमच्या वाडीच्या ग्रुपवर (ग्रुपला नाव ग्रामदेवतेचं, आत काय चालतं ते तिलाच ठाऊक) सात वर्षं काढल्यामुळे माझा या विषयात थोडा अभ्यास झालाय. म्हणून या चार सूचना. ठेवा जपून.

सगळ्यात आधी, मथळ्याच्या खाली वाचू नका. खाली 'चौकशीचे आदेश' असं काहीतरी असतं आणि चहा गार होतो.

दुसरं, मेला तो गुन्हेगारच होता असं धरून चालायचं. संशयित, आरोपी आणि गुन्हेगार हे तीन शब्द वकिलांची पोटं भरावीत म्हणून वेगळे ठेवलेत. 6 डिसेंबर 2019 ला हैदराबादजवळ बलात्कार नि खुनाच्या चार आरोपींना पहाटे गुन्ह्याच्या जागी नेऊन गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. गुन्हा होताच तसा हिडीस. आमच्या ग्रुपवर दुपारपर्यंत दीडशे टाळ्या पडल्या, त्यातल्या तीन माझ्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या नागपूरच्या निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकरांचा आयोग नेमला. 2022 मध्ये त्या आयोगाचा अहवाल बाहेर आला: गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या, चारपैकी तिघे अल्पवयीन होते, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. तो अहवाल ग्रुपवर कुणी टाकला नाही. मीही नाही टाकला. टाळ्या परत कशा घेतात ते मला अजून जमत नाही.

तिसरं, गोष्ट तीच असली तरी कंटाळू नका. आपण नमन नटवरा दरवर्षी त्याच उत्साहाने ऐकतोच ना? तसंच हे. आरोपीला गाडीतून नेत असतात. तो पोलिसाचं पिस्तूल हिसकावतो. मग स्वसंरक्षणार्थ. बदलापूरच्या, शाळकरी मुलींवरच्या अत्याचाराच्या आरोपीचं असंच झालं. तळोजा तुरुंगातून नेताना, मुंब्र्याजवळ, पोलिसांच्या बंद गाडीत. उच्च न्यायालयाने विचारलं, एवढ्या पोलिसांना एक माणूस आवरता आला नाही? गोळी पायावर का नाही मारली? न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. तारीख होती 23 सप्टेंबर 2024. आता गंमत बघा. बरोबर दहा वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 2014 ला, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच चकमकींच्या प्रकरणात सोळा सूचना दिल्या होत्या. गुन्हा नोंदवा. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या. गोळी झाडलेलं हत्यार तपासाला जमा करा. शौर्य निःसंशय ठरत नाही तोवर पदक नाही, बढती नाही. वाढदिवस असा साजरा झाला.

पदकावरून आठवलं. 'चकमकफेम' हा शब्द मराठी सोडून आणखी कुठल्या भाषेत आहे का हो? लग्नपत्रिकेत 'सुप्रसिद्ध सनईवादक' लिहावं तसा आपण तो छापतो. 2006 सालच्या वर्सोव्याच्या चकमकीत पुढे पोलिसांनाच जन्मठेप झाली, आणि आधी सुटलेल्या एका चकमकफेम अधिकाऱ्यालाही मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने दोषी धरलं. ही बातमी छापताना नावामागे तोच शब्द होता. मानाचा.

चौथी सूचना सर्वात महत्त्वाची. 'आरोपी हत्यारबंद होता' एवढं वाचलं की समाधानाने मान हलवा. कसलं हत्यार, कुणी बघितलं, असले प्रश्न पडू देऊ नका. हत्यार म्हणजे काय याचं शिक्षण मला नुकतंच मिळालंय, फुकट, तीन तासांत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून. खुर्चीचा एक पाय मोडका होता.

गणपतीला चार दिवस होते. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळापानांच्या मांडवीचं, सामान आणायला मी संध्याकाळी मामांच्या परड्यात गेलो होतो. सुपारीचं एक शिपटं, दहा-बारा नारळ, आंब्याचे टाळ, कवंडळं. निघायला नऊ वाजले. पाऊस रिपरिपत होता. स्कूटरच्या पायाशी गोणपाट, आणि गोणपाटात कोयती, कारण भिजली की तिला गंज चढतो. आमच्याकडे कमरेला आकडी नि आकडीला कोयती असल्याशिवाय माणूस बागेत उतरत नाही. माझ्या आज्याचा एकुलता एक फोटो आहे, त्यातही आकडी दिसते.

तिठ्यावर नाकाबंदी होती, चाकरमान्यांच्या गाड्यांसाठी. दिवस सणाचे, पोलीस उभा पावसात, हे सगळं मला मान्य. एका पोरसवदा शिपायाने टॉर्च मारला, गोणपाट उचकटलं आणि ओरडला, "साहेब, कोयता!"

"कोयती," मी म्हटलं.

हीच माझी चूक. पुण्याकडे कोयता गँगच्या बातम्या वाचून भरती झालेल्या मुलाला कोयता आणि कोयती यांतला फरक भर पावसात समजावू नये. त्याचा हात कमरेकडे गेला. फक्त गेला, बाकी काही नाही. पण तो कुठे गेला ते मी बघितलं, आणि माझा हात नारळाच्या पिशवीवर होता तो तिथेच थिजला. पिशवी निसटत होती. धरावी की सोडावी? धरायला हात हलवला तर? नारळ रस्त्यावर घरंगळत गेले नि मी पुतळ्यासारखा उभा राहिलो. त्या क्षणी मी काय होतो? अंधारात, पावसात, संशयास्पद हालचाल करणारा, हत्यारबंद.

मग ठाणं. जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे, पोलीस अधिनियम कलम 37. त्यात तलवारी-भाल्यांपासून काठीपर्यंत, ज्याने मारता येईल ते सगळं येतं. म्हणजे आमचे तात्या काठी टेकत आरतीला येतात तेही अट्टल. 1959 च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तूला शस्त्र म्हणत नाहीत, हे मी सांगून पाहिलं. "तुम्ही वकील हाय का?" असं उत्तर मिळालं.

आणि मग पंचनामा. तो मी वाचला, कारण मास्तरांचा मुलगा आहे, सहीआधी वाचायची खोड आहे. 'धारदार लोखंडी पाते असलेले, अंदाजे 14 इंच लांबीचे प्राणघातक हत्यार, कापडात लपवून.' गोणपाटाचं कापड झालं. सव्वानऊचे अकरा वाजले. तिठा सरकून बसस्टँडजवळ गेला. माझं वय सेहेचाळीसचं छत्तीस झालं, तेवढा एक फायदा. वडलांचं नाव भलतंच. पंच म्हणून ऑम्लेटपावच्या गाडीवरचे दोघे, जे त्या वेळी ऑम्लेट करत होते, एकाने सही करून झाल्यावर मला विचारलं, "काय झाला ओ?" 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्याने झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. ते का नाही? मोबाईलची बॅटरी उतरली होती.

साडेबाराला गावाकडचे एक हवालदार ड्युटीवर आले. बघून म्हणाले, "ह्यो मास्तरांचो झील मा? अरे, माटवी बांधूक कोयती लागता, हेका कित्याक बसवन ठेवलास?" मला सोडलं. कोयतीला नाही. ती मुद्देमाल झाली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या बाळाकाकांनी हात जोडल्याचं चित्र टाकून उत्तर दिलं: "पोलिसांना सहकार्य करावं. आपण काही केलं नसेल तर घाबरायचं कारण काय?" खाली अकरा अंगठे.

पाचवी सूचना एका ओळीची: तुकाराम ओंबळ्यांचा विषय काढू नका. हातात फक्त काठी असलेल्या त्या माणसाने गिरगाव चौपाटीवर चालू बंदुकीची नळी छातीशी धरली, म्हणून कसाब जिवंत सापडला, म्हणून कट कुठे शिजला ते जगाला कळलं, आणि फासावर तो गेलाच, 21 नोव्हेंबर 2012 ला. ओळी जास्त झाल्या. होऊ देत.

आणि किनाऱ्याचाही इतिहास काढू नका. 1993 च्या सुरुवातीला आपल्याच कोकणात, रायगडात, दिघीला नि शेखाडीला बंदुका नि आरडीएक्स उतरलं. तेव्हा खरोखरच हत्यारबंद माणसं रस्त्याने चालली होती. पोलिसांनी गाड्या अडवल्याही. मग पैसे घेतले आणि सोडल्या. 12 मार्चला मुंबईत काय झालं ते माहीतच आहे. त्या पोलिसांना पुढे शिक्षा झाल्या. कोर्टात. वर्षानुवर्षं चाललेल्या, कंटाळवाण्या, साक्षीपुराव्याच्या कोर्टात, ज्याला तुम्ही 'तारीख पे तारीख' म्हणून हसता.

आता कुणीतरी म्हणणारच, मग समोरून गोळी आली तर पोलिसाने आरती ओवाळायची का? नाही हो. गोळी आली तर गोळी घाला. स्वतःचा नि दुसऱ्याचा जीव वाचवायला जीव घेण्याचा हक्क कायद्याने तुम्हाआम्हाला दिलाय तसा पोलिसालाही दिलाय, आणि तिथे कचरणाऱ्या पोलिसाचा मलाही राग येईल. कायदा एवढंच म्हणतो, की ज्याच्यावर फाशीचा किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही, त्याला निव्वळ पकडण्यासाठी मारता येत नाही. आणि मारल्यावर दुसऱ्या कुणीतरी येऊन बघायचं, खरंच गोळी आली होती का. ज्याने झाडली त्यानेच लिहिलेल्या कागदावर भागवायचं नाही. हे मागणं फार आहे? ज्या पोलिसाने खरोखर जीव धोक्यात घालून गोळी झाडली, त्याचं तर या चौकशीने भलंच होतं. त्याच्यावर शिंतोडा राहत नाही.

अहो बाळाकाका, तुमच्या आंबा कलमांची चोरी झाली तेव्हा तक्रार लिहून घ्यायला आठ दिवस लावले, सर्व्हे नंबर शेजाऱ्याचा टाकला, म्हणून तुम्ही बाजारभर शिव्या देत फिरलात. 'ह्यांना साधा पंचनामा येत नाही' हे वाक्य तुमचं. साधा पंचनामा येत नाही, तर अंधारात तीन सेकंदांत कुणाला मारायचं हे बरोबर कसं येतं? पंचनाम्यात तिठा सरकतो, तर मेलेल्याच्या हातात पिस्तूल सरकणार नाही? माझ्याबाबत उद्या लिहिलं असतं, 'संशयिताने कोयता उगारून अंगावर धाव घेतली', तर खाली सह्या त्याच ऑम्लेटवाल्यांच्या असत्या, वय छत्तीस असतं, वडील भलतेच असते, आणि तुम्ही, होय तुम्हीच, सकाळी चहा घेत अंगठा टाकला असता. मथळ्याखाली न वाचता. लाज नाही वाटत? मला वाटते, 2019 च्या त्या तीन टाळ्यांची.

कोयती अजून ठाण्यात आहे. दोनदा जाऊन आलो. एकदा साहेब बंदोबस्ताला होते, एकदा किल्ली. माटवी शेजाऱ्यांच्या कोयतीने बांधली. ती परत द्यायला गेलो तेव्हा दुहेरी गोणपाटात गुंडाळली, रस्ता सोडला, आणि मागच्या पाणंदीने, बॅटरी न लावता गेलो.