साडेतीन टँकर

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून सहा वर्षं काढलेला माणूस पाणी लिटरमध्ये मोजत नाही, टँकरमध्ये मोजतो. त्यामुळे व्हिलाचं मागचं सरकतं दार उघडल्यावर हिला निळं पाणी, पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यावर उतरलेलं ऊन दिसलं. मला साडेतीन टँकर दिसले. खात्री करायला पावलं टाकून मोजलं. सात मीटर लांब, चार रुंद, आणि खोली काठावरच लिहिलेली, सव्वा मीटर. पस्तीस हजार लिटर. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये मे महिन्यात चोवीस बिऱ्हाडं एवढ्यात दोन दिवस काढतात. तेही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणी गाडी धुताना दिसलं नाही तर.

‘‘ये सब किसके लिए?’’ मी बग्गी चालवणाऱ्या मुलाला विचारलं.

‘‘आपके लिए, साब. प्रायव्हेट पूल है. दूसरा कोई नहीं आएगा.’’

केरळातल्या मलप्पुरमचा पोरगा, आमच्या दोन बॅगा आणि चिवड्याची पिशवी आत ठेवून हसत निघून गेला. मी पाण्यात बोट घातलं. पाणी कोमट होतं. म्हणजे समुद्रातून आणायचं, त्यातलं मीठ काढायचं, वाळवंटात पोचवायचं आणि वर तापवायचं. आमच्या गावी आजोबा एका बंबावर सात माणसांच्या आंघोळी उरकायचे. इथे पस्तीस हजार लिटरचा बंब दोन माणसांसाठी पेटवून ठेवलेला, आणि त्यातलं एक माणूस जन्मात पाण्यात उतरलेलं नाही.

हा सगळा उपद्व्याप मुलाचा. तो अमिरातीत, शारजात असतो. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून 2024 च्या जानेवारीत त्यानं आम्हाला बोलावून घेतलं आणि शहरापासून तासाभरावर, संरक्षित वाळवंटातल्या एका रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचं बुकिंग हातात ठेवलं. ‘‘बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना, शांतता नाही म्हणून?’’ म्हणालो होतो खरा. पण ते वरच्या मजल्यावरच्या मिक्सरबद्दल होतं.

निघण्याआधी हिनं मला शपथ घातली होती: दिरहमचे रुपये करायचे नाहीत. बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला ही शपथ म्हणजे कुत्र्यापुढे हाड ठेवून ‘बस’ म्हणण्यातला प्रकार. मी बावीस-तेवीसनं गुणलं नाही, पण भागाकाराबद्दल शपथ नव्हती. दुपारी तीनला आत, तिसऱ्या दिवशी बाराला बाहेर, म्हणजे पंचेचाळीस तास. तासाचा दर काढला आणि एकटाच सोफ्यावर बसून राहिलो. 1966 पर्यंत या मुलखात आपल्या रिझर्व्ह बँकेनं छापलेला रुपया चालत होता. खाडी देशांसाठी वेगळा छापायचे, पण किंमत आपल्याच रुपयाएवढी. तेव्हा आलो असतो तर गुणाकाराचा प्रश्नच नव्हता. आपण अठ्ठावन्न वर्षं उशिरा आलो.

‘‘हिशेब करताय,’’ ही आतून म्हणाली.

‘‘नाही गं, इतिहास आठवतोय.’’

संध्याकाळी मुख्य इमारतीत कॉफी होती. त्यांचा गहवा. पांढऱ्या झग्यातला एक उंच माणूस डाव्या हातात लांब चोचीची पितळी दल्ला, म्हणजे त्यांची कॉफीची किटली, आणि उजव्या हातात कप घेऊन उभा. कप कसला, बाहुलीच्या भातुकलीतला, त्याला कानही नाही. कॉफी पिवळसर, बिनसाखरेची, वेलचीच्या वासाची. सोबत खजूर. मी प्यायलो. त्यानं परत ओतली. आता आपल्याकडे कसं, वाढलेलं टाकायचं नाही. मी तीही संपवली. त्यानं परत ओतली. त्याच्याकडे कसं, पाहुण्याचा कप रिकामा राहता कामा नये. दोन थोर संस्कृती अशा समोरासमोर उभ्या ठाकल्या आणि मधे माझं पोट. ‘नो नो’ म्हणालो, तो हसला आणि ओतली. कपावर हात ठेवला, तो हात काढायची वाट पाहत अदबीनं थांबला. सातव्या कपाला माझे कान गरम झाले.

शेवटी हिनं आपला कप खाली ठेवण्याआधी तळाचा गाळ झटकायला म्हणून सहज हलवला. तो माणूस मान लववून मागे सरला आणि पुन्हा तिच्याकडे फिरकला नाही. कप दोन-तीनदा हलवणं, हीच इथली ‘बास आता’ म्हणायची रीत. मी कप असा हलवला की शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईंनी वळून पाहिलं.

सात कप गहवा प्यायलेल्या माणसाला वाळवंटातल्या शांततेत झोपवणं हे क्रौर्य आहे. डोंबिवलीत मला रात्री जाग आली तर घड्याळ लागत नाही. मालगाडी गेली की अडीच, दूधवाल्याची कडी वाजली की साडेचार. इथे काहीच नाही. कुत्रं नाही, पंखा नाही, रिक्षा नाही. एसीसुद्धा असा मुका की तो चालू आहे की नाही ते बघायला दोनदा उठलो. स्वतःच्या कानातलं कूं ऐकू यायला लागलं. मग हृदय. मग हृदय नीट चाललंय का, ही शंका. मनुष्यवस्तीच्या काही खुणा कानावर पडाव्यात म्हणून मी मुद्दाम खोकलो. कुणी ‘ओ काका, हळू’ म्हणालं नाही.

डोळा लागला असेल-नसेल, पाण्याचा आवाज आला. चपळक, चपळक. हात टाकला तर शेजारची बाजू रिकामी. मी सेक्रेटरी, पहिला विचार व्हॉल्व्ह गळतोय हाच.

दार सरकवून पाहतो तर ही पूलमध्ये. माझा जुना बँकेचा टी-शर्ट, खाली सलवार, दोन्ही हातांनी काठ धरलेला आणि पाय मागे सोडून एकसारखे मारणं चाललेलं. पाण्यातून वाफा, वर एवढ्या चांदण्या की कुणीतरी रवा सांडलाय असं वाटावं. पस्तीस वर्षांत अलिबागला, गणपतीपुळ्याला, गोव्याला, जिथे म्हणून समुद्र होता तिथे ही घोट्यापर्यंत गेली आणि चपला राखत बसली. ‘लोक बघतात’ एवढंच कारण सांगायची. मी काहीतरी बोलणार, तोच तिनं मान न वळवता सांगितलं, ‘‘एक तर आत या, नाहीतर आत जा. मधे उभं राहून बघू नका.’’

पहिल्या ‘आत’चा अर्थ पाण्यात, दुसऱ्याचा खोलीत, हे कळायला मला जरा वेळ लागला. बाहेर बारा-तेरा अंश असतील. मी खोलीत गेलो. पण झोप आली नाहीच. पहाटे उठलो, ही आता गाढ झोपलेली. म्हटलं, तासाचा दर चालू आहे, निदान आपणही वसूल करावा.

पोहायला मी गावच्या विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. आमच्याकडे पायऱ्या उतरून पाण्यात जाणाऱ्याला माणूस समजत नसत. पंचा खुर्चीवर टाकला, चार पावलं मागे गेलो आणि गुडघे छातीशी घेऊन मुटका मारला. विहिरीला पन्नास फूट खोली असते. सव्वा मीटरला नसते. बूड तळाला टेकलं, ब्रह्मांड आठवलं, आणि अंदाजे पाव टँकर पाणी फरशीवर गेलं.

डोळ्यांतलं पाणी पुसून वर आलो, तेव्हा तो खुर्चीपाशी उभा होता.

अंगानं पांढराशुभ्र, पाय काळपट, तोंडावर काळे पट्टे आणि डोक्यावर दोन-अडीच फुटांची सरळ, भाल्यासारखी शिंगं. अरबी ओरिक्स. खोलीतल्या माहितीपत्रकात हे सगळं आदल्या दिवशी वाचलं होतं: 1972 साली ओमानात यांची रानातली शेवटची जनावरं मारली गेली, मग प्राणिसंग्रहालयांत जगवलेल्यांची पैदास करून यांना परत वाळवंटात सोडलं. वाचताना मी ‘वा!’ म्हणालो होतो. ते आता मागे घ्यावंसं वाटत होतं. त्याच पत्रकात असंही होतं की हा प्राणी आठवडेच्या आठवडे पाण्यावाचून राहू शकतो, झाडपाल्यातल्या ओलाव्यावर भागवतो. असं व्रतस्थ जनावर, आणि चहूकडे एवढं वाळवंट सोडून नेमकं माझ्या पूलवर.

तो पुढे आला, मान खाली घातली आणि प्यायला लागला. मी मागच्या भिंतीला टेकलो. आमच्यात तीन टँकर पाणी. पायऱ्या त्याच्या बाजूला, पंचा त्याच्या बाजूला, दार त्याच्या बाजूला. माझ्या बाजूला फक्त काठ, आणि काठापलीकडे सहा फूट खाली वाळू.

‘‘अगंऽ!’’ मी ओरडलो, पण हळू. ओरडणं आणि हळू यांचा मेळ घालून बघा एकदा.

पाचव्या हाकेला ही काचेमागे दिसली. तिनं त्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि दार सरकवायचं सोडून आधी फोटो काढला. मग रिसेप्शनला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मला काचेतूनही ऐकू यावं.

‘‘हमारे पूल में हरीण आया है. बडा. सिंगवाला.’’

‘‘जी मॅडम, वो रोज आता है.’’

‘‘लेकिन मेरे मिस्टर अंदर हैं.’’

पलीकडे जरा शांतता. ‘‘मॅडम, कोई बात नहीं. वो कुछ नहीं बोलेगा.’’

‘‘उसको चाहिए क्या?’’

‘‘पानी, मॅडम.’’

ही दार बोटभर उघडून म्हणाली, ‘‘अहो, त्याला पाणी हवंय.’’

‘‘मग मी काय धरून ठेवलंय?’’

‘‘जवळ जायचं नाही, हलायचं नाही, तो आपणहून जातो म्हणाले. काल आपण आलो म्हणून उशीर झाला असेल त्याला.’’ आणि दार लावून घेतलं.

मी हललो नाही. बोटांची टोकं सुकडून मनुका झाल्या. डोकं पाण्याबाहेर काढलं की गारठा, आत घातलं की कानात पाणी. आणि अशा अवस्थेतही डोक्यात विचार काय, तर हे लोक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकतात, याच्या पोटाला बाधेल का. सहा वर्षांची सवय. त्यानं मधेच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती. आमचे सभासद टाकीवर चढलेल्या प्लंबरकडे पाहतात तशी नजर होती: ‘तुमचं चालू द्या, पण पाणी बंद करू नका.’

भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीसला त्यानं सुरुवात केली, सहा पंचावन्नला संपवलं. जाताना खुर्चीवरचा पंचा हुंगला, खाली पाडला, त्यावरून चालत वाळूत उतरला आणि टेकडीआड गेला.

त्यानंतरचं रिसॉर्ट सांगण्यासारखं फार नाही. ससाण्यांचा खेळ पाहिला. इथे ससाण्यांना पासपोर्ट असतो, पायातल्या कड्याच्या नंबरावर ओळख पटवतात. माझा व्हिसाचा फोटो दोनदा परत आला होता, पण ते असो. मग गाइडनं एक झाड दाखवलं, घाफ, 2008 पासून त्यांचा राष्ट्रीय वृक्ष. हिनं पानं जवळून पाहिली आणि म्हणाली, ‘‘अहो, ही तर शमी!’’ आणि होतीच. तीच राजस्थानातली खेजडी, तीच आपल्या दसऱ्याची, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. हिनं तिथल्या तिथे चप्पल काढून नमस्कार केला. गाइड गोंधळला, पण त्यानंही टोपी काढली. डहाळी मात्र तोडू दिली नाही.

दुसऱ्या रात्री ही पुन्हा पूलमध्ये, या वेळी अकराला, आणि काठ एका हातानं धरून. मीही उतरलो, पायऱ्यांवरून. दोघांनी मिळून अडीच वाजेपर्यंत पंचेचाळीस तासांचा बराच दर वसूल केला. तिसऱ्या दिवशी सहा पस्तीसला मी पंचा आत घेतला, खुर्ची बाजूला सरकवली, पायऱ्यांची वाट मोकळी केली आणि काचेमागे जाऊन बसलो. तो सहा बेचाळीसला आला. दोन मिनिटं उशीर. डायरीत टिपून ठेवलं.

निघताना रिसेप्शनवरच्या मुलीनं अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला. खोली, जेवण, सेवा, सगळीकडे ‘उत्तम’वर खूण केली. शेवटी ‘सूचना’ लिहायला तीन ओळी मोकळ्या होत्या. मी लिहिलं: ‘व्हिलाच्या दारावर पाण्याची वेळ लावावी. सकाळी 6.40 ते 6.55. त्या वेळात रहिवाशांनी पाण्यात उतरू नये.’

हिनं फॉर्म माझ्या हातून घेतला, वाचला, ‘रहिवाशांनी’ खोडून ‘पाहुण्यांनी’ केलं आणि सही केली.