पानाचा दागिना: जाळी खालच्या बाजूला असते

डिझायनर भटकंतीतून पानं आणतात आणि तीच चांदीत ओततात, असं दागिन्यांवरच्या एका लेखात एका ओळीत आलं आहे. खरी मेख तिथेच आहे. ताजं पान इतकं पातळ असतं की साच्यात चांदी पूर्ण पोचायच्या आत गोठते आणि कडा अर्धवट राहतात. म्हणून पानाच्या वरच्या, गुळगुळीत बाजूला वितळलेल्या मेणाचे थर देऊन जाडी १ मिमीपर्यंत आणायची. शिरांची जाळी खालच्या बाजूला उठून दिसते, तिला मेण लागू द्यायचं नाही. चांदीचा रस आत जाण्यासाठी मेणाची जाड दांडी देठाशी जोडायची.

या पानाभोवती प्लास्टर ओतून केलेला साचा भट्टीत साधारण ७३० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवावा. त्याहून फार वर गेलं की प्लास्टरमधून गंधकाचा वायू सुटतो आणि चांदी काळवंडते. मेण जळून जातं, पानाची राख मात्र मागे राहू शकते. ती हवेच्या झोताने काढली नाही तर दागिन्यावर खड्डे पडतात.

वजनही आधी मोजा. ४ बाय २ सेंमीचं पान या जाडीत ५-६ ग्रॅम भरतं, कानाला तेवढं पुरे.

आपल्या बकुळीहारात, चंपाकळीत मात्र फुलाचा फक्त आकार घेतला आहे, आणि मला तोच मार्ग जास्त आवडतो.