'खरा सैनिक डॉक्टरकडे जात नाही' म्हणे! या फॉरवर्डला माझं उत्तर

एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: जुन्या काळातले सैनिक एवढी युद्धं लढले पण कोणी मनाचं दुखणं काढून बसलं नाही, 'मॉरल इंज्युरी' (आपल्या नीतीला न पटणारं घडल्याने मनाला होणारी जखम) म्हणजे पीटीएसडीचंच (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) नवं नाव, अपराधी वाटणं हा कच्चेपणा, आणि काउन्सेलरकडे गेलास की करिअर संपलं, त्यापेक्षा सोबत्यांशी बोल आणि विसरून जा. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा आला, त्याच ग्रुपमध्ये माझा चुलतभाऊ आहे, वीस वर्षं सैन्यात काढून आलेला. दादाने मेसेज वाचला आणि काहीच बोलला नाही, म्हणून मी बोलतेय.

'पूर्वी असं काही नव्हतं' हे आधी घेऊ. होतं हो, चांगलं होतं. 1915 मध्येच चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात 'शेल शॉक'बद्दल, म्हणजे लढाईमुळे सैनिकांच्या मनावर होणाऱ्या आघाताबद्दल, लिहिलं होतं. त्याच पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भित्रेपणा असल्या आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपल्याच 306 जणांना गोळ्या घातल्या, त्यातल्या काहींची मनं आधीच ढासळलेली होती, आणि त्यांना माफी मिळाली थेट 2006 मध्ये. 1943 मध्ये सिसिलीत जनरल पॅटनने हॉस्पिटलमधल्या दोन सैनिकांना भित्रे म्हणून थोबाडीत मारली, त्यातल्या एकाला तर मलेरिया होता. म्हणजे कोणी रडलंच नाही असं नाहीये, जो रडला त्याचं काय झालं ते बाकीच्यांनी बघितलं आणि ते गप्प बसले.

आता 'पीटीएसडीचंच नवं नाव'. इथे मात्र नीट थांबूया, कारण खरा घोळ इथेच आहे. पीटीएसडी हे निदान 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं, त्याच्या मुळाशी बरेचदा भीती असते, जीव जाता जाता वाचला आणि शरीर अजून त्याच क्षणात अडकलंय. मॉरल इंज्युरी हे निदान नाहीये, ती जखम आहे आणि तिच्या मुळाशी अपराध, लाज किंवा विश्वासघात असतो. जोनाथन शे हे मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनामहून परतलेल्यांवर उपचार करायचे, त्यांचा भर विश्वासघातावर होता, म्हणजे ज्याच्या हातात अधिकार होते त्यानेच आणीबाणीच्या वेळी जे योग्य ते केलं नाही. 2009 मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्याख्या आणखी रुंद केली: आपल्या मनाला न पटणारं काही स्वतः केलं, होताना पाहिलं, किंवा थांबवता आलं नाही.

समजा सैन्याच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबत नाही, दोन सेकंदांत ठरवायचंय, गोळी चालते, आणि दार उघडल्यावर आत एक कुटुंब असतं. चौकशी होते, नियमाप्रमाणे सगळं बरोबर निघतं. पण ज्याने गोळी झाडली त्याचा प्रश्न नियमाचा नसतोच. त्याला 'तुझी काही चूक नव्हती' म्हटलं की तो मान हलवतो आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलत नाही.

दादाचं काय झालं ते मी सांगणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगते की घरात कोणी बाळ त्याच्या हातात दिलं की तो लगेच शेजारच्याकडे द्यायचा. आम्ही समजायचो सवय नसेल. एकदा मी हट्टाने दिलं तर म्हणाला, 'माझ्या हातात नको गं.' एवढंच.

आणि अपराधी वाटणं म्हणजे कच्चेपणा? रोमिओ डॅलेअर हे कॅनडाचे जनरल, 1994 मध्ये रवांडात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख. आधीच धोक्याची सूचना दिली, जास्तीची कुमक मागितली, मिळाली नाही, आणि साधारण 100 दिवसांत लाखो माणसं मारली गेली. 2000 मध्ये ते आजारपणामुळे सैन्यातून बाहेर पडले आणि स्वतःच्या पीटीएसडीबद्दल, आत्महत्येच्या प्रयत्नांबद्दल उघड बोलले. या माणसाला कच्चा म्हणायची हिंमत कोणाची आहे? बरंवाईट कळणारं मन शाबूत असतं म्हणूनच ते दुखतं.

करिअरचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, ती भीती खोटी नाहीये. काही कामांवरून तात्पुरतं बाजूला करतात, जिवाला धोका असेल तर गोष्ट वरिष्ठांपर्यंत जाते, आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे, ते आधी विचारून घ्यावेत. पण नियम बदलतायत तेही सांगा ना. अमेरिकेत 2008 पासून सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गोपनीय कामासाठी लागणाऱ्या परवानगीच्या) फॉर्ममध्ये युद्धाशी संबंधित काउन्सेलिंग लिहावं लागत नाही, तिथे चॅप्लेनशी (सैन्यातल्या धर्मगुरूशी) झालेलं बोलणं पूर्ण गुप्त राहतं, आणि 2021 च्या ब्रँडन अ‍ॅक्ट या कायद्यामुळे सैनिक कुठलंही कारण न देता मानसिक आरोग्याची तपासणी मागू शकतो. उलट या भीतीने काय होतं बघा. इराक-अफगाणिस्तानमधल्या अमेरिकी सैनिकांवरचा 2004 चा मोठा अभ्यास आहे, त्यात ज्यांच्यात त्रासाची लक्षणं होती त्यांच्यापैकी फक्त 23 ते 40 टक्क्यांनी मदत घेतली, आणि 'लोक काय म्हणतील' ही काळजी त्यांनाच इतरांच्या दुप्पट. म्हणजे असला मेसेज सगळ्यात जास्त त्यालाच अडवतो ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे.

राहिलं सोबत्यांशी बोलणं. जरूर बोला, तिथे होते तेच समजू शकतात असं बरंच काही असतं. पण कधी कधी सोबतीही तेच ओझं घेऊन बसलेला असतो. थेरपिस्ट वेगळं काय करतो, तर पटकन माफ करत नाही. एका पद्धतीत तर डोळे मिटून, ज्याचा आपण मनापासून आदर करतो अशा माणसासमोर सगळं कबूल केल्याची कल्पना करायची असते आणि तो काय म्हणेल ते आपणच मोठ्याने बोलायचं. दादा पहिल्यांदा गेला ते फक्त 'झोप लागत नाही' एवढंच सांगायला. तेवढं कारण पुरतं, खरंच पुरतं.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर लगेच समजूत घालू नका, ऐकून घ्या. 'मी नसलेलाच बरा' असं काही बोलला तर 'मरायचे विचार येतायत का' हे सरळ विचारा, एकटं सोडू नका, घरात हत्यार असेल तर त्याच्या हाताला लागणार नाही असं करा, आणि हेल्पलाइनला फोन त्याच्याशेजारी बसूनच लावा.