आपण काय उंदीर आहोत का?

कुणी शहाणा सांगायला आलाच, की तंबाखू लोकांना धरते ती वेलची-पुदिन्याच्या हातानं, आणि हे उंदरांवर तपासून पाहिलंय, तर मुळीच घाबरू नका. वर दिलाय तेवढाच प्रश्न विचारा. निपाणीपासून खानापूरपर्यंत या प्रश्नाला उत्तर नाही.

तरी तो चिवट निघाला तर 2014 चा अमेरिकेतला प्रयोग काढेल. उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवलेली. पिंजऱ्यात चाटायच्या दोन तोट्या. एक चाटली की जिभेवर मेंथॉलचा, म्हणजे पुदिन्याच्या अर्काचा, गारवा आणि शिरेत निकोटिन. दुसरी चाटून काही नाही. गारव्याची सोबत मिळालेले उंदीर निकोटिन जास्त ओढू लागले. तुम्ही हसा. म्हणा, आमच्याकडे तोट्या नसतात, पुड्या असतात.

त्याही दोनच. 2013 ला कर्नाटकात गुटखाबंदी झाली तेव्हापासून चवीचा पानमसाला वेगळा, तंबाखू वेगळी. टपरीवाला "दोन्ही देऊ?" एवढंच विचारतो. पोरगं एक पुडी दातानं फाडतं, दुसरी तीत ओततं, तोंड अंगठ्यानं दाबून चारदा हलवतं आणि मान मागं टाकून रिकामी करतं. बंदी पाळली गेली, मिसळण झाली. उंदराला हे जमेल?

निपाणीत तंबाखूच्या वखारीवरनं कधी गेला असाल तर ठसका आठवत असेल. नुसती तंबाखू अशी प्रामाणिक असते, आत येण्याआधी घसा खाकरून सांगते. मेंथॉल त्या घशाला थंडी वाजल्याचा भास करून देतं आणि ठसका गप्प बसतो. हे मात्र शहाण्याला सांगू नका, उगीच त्याच्या बाजूचं होईल.

उलट त्याला अमेरिकेचा दाखला द्या. तिथं 2009 ला सिगारेटमधल्या फळाफुलांच्या, मिठाईच्या चवी बंद केल्या, मेंथॉल तेवढं ठेवलं. एवढे मोठे लोक चुकतील होय? पुढं पाच वर्षांनी उंदीर नेमके त्याच गारव्याला भुलले, तो उंदरांचा दोष.

आमचे एक मामा हा वाद कधीच हरत नाहीत. त्यांचं बघून शिका. "आपण काय उंदीर आहोत का?" हे विचारताना ते हनुवटी छताकडं करतात. तुम्हीही करा, नाहीतर अर्ध्या वाक्यात सदऱ्यावर सांडतं.